पद्मिनीच्या पोटातली काजळी

चावी फिरवून बंद केली तरी जुनी पद्मिनी कधी कधी थांबत नाही. प्लगला ठिणगी मिळणं बंद झालेलं असतं, पण इंजिन तीन-चार गचके देतं, अंग झाडतं आणि मग कुठे गप्प होतं. बरेच मालक हा गाडीचा स्वभाव समजून सोडून देतात. मला मात्र जुन्या इंजिनाची ओळख इथूनच पटायला लागते. ठिणगी नसताना पेट्रोल पेटलं कशानं? पिस्टनच्या माथ्यावर किंवा व्हॉल्व्हच्या कडेला बसलेल्या काजळीचा एखादा टवका लाल होऊन धुमसत असतो आणि आत शिरलेलं मिश्रण तोच पेटवतो. सोलापूरचा मे महिना, पारा 44 अंशांकडे सरकलेला, अशा दुपारी हे गचके हमखास ऐकू येतात.

या गाडीवर सोलापूरकरांनी जरा जास्तच जीव लावावा असं तिचं नातं आहे. वालचंद हिराचंद 1882 साली याच गावात जन्मले. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली आणि तिचीच नंतर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. हौसेनं जपलेल्या गाड्या अजून चालतात. इंजिन चार सिलिंडरचं, 1089 सीसीचं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. संगणक नाही, सेन्सर नाही. आत काय चाललंय ते आवाजावरून, धुरावरून आणि प्लगच्या रंगावरूनच ओळखायचं.

आता काजळीकडे वळू. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती सगळ्यात लवकर धरते. सकाळी चोक ओढून निघायचं, नवी पेठेच्या गर्दीत ताटकळायचं, सात रस्त्यापर्यंत जायचं आणि इंजिन पुरतं तापायच्या आत बंद करायचं. असं रोज झालं की पेट्रोल अर्धवट जळतं. त्याची काजळी, रिंगांमधून आणि व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपलेलं ऑइल, पेट्रोलमधला चिकट राळेसारखा अंश, आणि ज्या गाड्यांनी फेब्रुवारी 2000 च्या आधीचं शिसं घातलेलं पेट्रोल प्यायलंय त्यांच्यात शिशाची राखही, असे थर एकावर एक बसत जातात. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर जमणारा थर मऊ, काळा, तेलकट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरचा कोरडा, करडा, भाजून कडक झालेला. पिस्टनच्या माथ्यावरचा पापुद्रे धरणारा. तीन जागा, तीन जातींची काजळी. उपायही मग एकच असून भागत नाही.

या थरांचा उपद्रव दुहेरी असतो. दहनकक्षातली जागा त्यांनी अडवली की दाब वाढतो, उष्णता धातूत मुरत नाही, आणि काल ज्या पेट्रोलवर गाडी सुखात चालत होती त्याच पेट्रोलवर चढाला खटखट करायला लागते. व्हॉल्व्हच्या पाठीवरचा थर तर पेट्रोलच शोषून घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी दचकल्यासारखी उठते. मालक सांगतात, ‘पिकअप घेत नाही.’ त्यावर कार्ब्युरेटर खोलला जातो, जेट बदलले जातात, आणि दोष तसाच राहतो.

काजळी काढण्यासाठी टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीचं काम मला सुंदर वाटतं ते या ठिकाणी. चांगल्या बाटलीत पॉलिइथर अमाइन नावाचं रसायन असतं. शेव्हरॉन कंपनीनं 1980 च्या दशकात ते पेट्रोलमध्ये आणलं आणि मग त्याचा बोलबाला झाला. त्याच्या रेणूचं एक टोक काजळीला धरतं आणि उरलेलं लांब शेपूट पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. असे असंख्य रेणू थराच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि पेट्रोलबरोबर वाहून जाताना त्याचा कण कण सुटा करून नेतात. निव्वळ कार्बन ते विरघळवत नाही. कणांना बांधून ठेवणारा चिकट अंश ते सोडवतं. म्हणून त्याला घाई चालत नाही. बाटली ओतल्याबरोबर गाडी पळायला लागली असं कुणी सांगितलं, तर मी त्या बाटलीपेक्षा ताज्या भरलेल्या पेट्रोलला श्रेय देईन.

त्याच कुळातलं दुसरं रसायन पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन. इनलेट व्हॉल्व्ह तेही साफ करतं, पण दहनकक्षातल्या उष्णतेत ते नीट जळत नाही आणि तिथे स्वतःचाच थर वाढवू शकतं. पॉलिइथर अमाइन आत पोचूनही काम करतं. त्यामुळे बाटली विकत घेताना मी वेष्टनावरची इंजिनाची चित्रं पाहत नाही, मागचा बारीक मजकूर वाचतो. पुष्कळ स्वस्त बाटल्यांत रॉकेलच्या जातीचा पातळ द्रवच भरपूर असतो.

पद्मिनीच्या इंजिनात हे रसायन आपली पूर्ण करामत दाखवू शकतं याचं कारण तिच्या साध्या रचनेत आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशात फवारलं जातं, हवेबरोबर मॅनिफोल्डमधून जातं आणि प्रत्येक इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवरून ओघळतच सिलिंडरमध्ये शिरतं. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर इंजिन असेल तर प्रत्येक इनलेट व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. म्हणजे एका तासाच्या प्रवासात त्या पाठीवर औषधाचे 90,000 हलके हात फिरतात. व्हॉल्व्हला हा ताल देणारा कॅमशाफ्ट सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यातून तो जगभरच्या गाड्यांसाठी जातो. आजच्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हा योग नाही. तिथे इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही, आणि टाकीत कितीही महागाची बाटली ओतली तरी तिथली काजळी हलत नाही. या एका बाबतीत जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा भाग्यवान.

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका गॅरेजात या बाटलीचं काम मी जवळून पाहिलं आहे. पद्मिनीचा मालक उतावीळ. ‘मिस्त्री, आज संध्याकाळी फरक दिसंल का?’ मिस्त्री प्लग पुसत होते. म्हणाले, ‘आज नाही. टाकी निम्म्यावर येऊ द्या, मग तुळजापूरचा घाट चढून या. गाडी थंड करू नका, तशीच आणा. मग बघू.’ त्या तीन-चार वाक्यांत सगळं शास्त्र होतं. औषधाला वेळ हवा, इंजिनाला भार आणि उष्णता हवी, आणि प्लग तपासायचा तर घाट चढून आलेला हवा, गावात रेंगाळून आलेला चालत नाही.

तुळजापूरचा रस्ता या कामाला फार चांगला. साधारण 45 किलोमीटर, आधी सपाट आणि शेवटी बालाघाटच्या डोंगराचा चढ. सपाटीवर इंजिन छान तापू द्यावं, औषध मिसळलेलं पेट्रोल भरपूर जाऊ द्यावं. चढाला तिसऱ्या गिअरवर ठेवून काच खाली करावी आणि ऐकावं. काजळी भरलेलं इंजिन दगडी कठड्याजवळून जाताना आपली खटखट परत ऐकवतं. कठडा संपला की तोच आवाज हरवतो. मिश्रण आणि टायमिंग ठीक असूनही ती खटखट येत असेल तर गुन्हेगार काजळीच. असं इंजिन भाराखाली पळवून काजळी जाळायच्या रीतीला परदेशात इटालियन नावानं ओळखतात, आणि पद्मिनीचं इंजिनही मूळचं इटालियनच.

परत आल्यावर मिस्त्रींनी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमानं मांडले. आधी चारही कोरड्या मऊ काजळीनं मढलेले होते. आता पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याच्या चिनी मातीच्या नाकावर फिका बिस्किटी रंग आला होता, कडेला थोडी करडी छटा. तिसरा मात्र काळाच, आणि बोटाला तेलकट लागणारा. कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याची, ओली तेलकट काजळी ऑइल वर येत असल्याची. तिसऱ्या सिलिंडरची रिंग खाचेत अडकली होती किंवा झिजली होती. अडकलेली रिंग रसायनानं कधी कधी मोकळी होते. झिजलेल्या रिंगेवर कुठलीही बाटली चालत नाही. कंप्रेशन गेज लावून मिस्त्रींनी तिथेच निकाल दिला: हेड उतरवायचं.

आणि हेड उतरवून केलेलं काम ज्यानं पाहिलं नाही त्यानं बाटलीचं गुणगान करू नये. ॲल्युमिनियमच्या हेडला आणि पिस्टनला लोखंडी खरवडणी लावायची नाही, ओरखडा उठतो आणि पुढची काजळी त्याच ओरखड्यात घर करते. मिस्त्रींच्या हातात कठीण लाकडाची, टोकाला तासलेली पट्टी होती. पिस्टन वर आणून त्याच्या माथ्यावर त्यांनी एक जुनी रिंग ठेवली, कडेला चपखल बसणारी, आणि रिंगेच्या आतली तेवढीच काजळी खरवडली. कडेचं काळं कडं मुद्दाम राखलं. झिजलेल्या बोअरमध्ये ते कडं ऑइल वर यायला अटकाव करतं. सगळं लख्ख केलं की दुसऱ्या दिवशीपासून निळा धूर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासले, इतके की कडेला सगळीकडून सारख्या रुंदीची मंद करडी पट्टी उमटली. काय काढायचं याच्याइतकंच काय राहू द्यायचं हे त्या हाताला ठाऊक होतं. बाटलीला हा विवेक नाही. पण बाटली गॅस्केट न फोडता, बोल्ट न सैल करता आत जाते, आणि तीन सिलिंडरांचं काम तिनं चोख केलं होतं.

कार्ब्युरेटरच्या तोंडातून थेंब थेंब पाणी सोडून वाफेनं काजळी फोडायची जुनी युक्ती काही जण अजून करतात. मला ती पसंत नाही. धार जरा जास्त झाली तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

औषधाची टाकी संपली की इंजिन ऑइल बदलावं, कारण धुतलेली घाण आणि थोडं औषध रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमध्ये ओतायचे फ्लश मात्र जुन्या इंजिनाला जपून द्यावेत. वर्षानुवर्षं चेंबरच्या तळाशी बसलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाची जाळी तुंबते.

अलीकडे यात आणखी एक गोष्ट येऊन मिसळली आहे, आणि तिचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर. उसापासूनही होणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के असतं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, त्यामुळे काजळीची खटखट थोडी झाकली जाते, आणि फक्त कानावर विसंबणारा फसतो. शिवाय ते टाकीच्या तळाचा जुना चिकटा सोडवतं. तो फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये जाऊन बसतो, आणि मालकाला वाटतं बाटलीनंच गाडी बिघडवली. म्हणून औषध ओतण्याआधी फिल्टर नवा घालावा, आणि पहिल्या 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावा. उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, कार्ब्युरेटरच्या कटोऱ्यात पांढरट खार धरतो. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या तर शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातल्या. त्या फुगतात, चिरतात. पद्मिनी जपणाऱ्यानं काजळीच्या बाटलीआधी या नळ्यांवर पैसे घालावेत. लवचीकपणा गेलेली नळी नखानं दाबली की खूण तशीच राहते, तेवढी खूण दिसली की ती बदलायची.