अष्टागराच्या लोककथांचे संग्राहक

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या नारळीपोफळीच्या ज्या पट्टीला अष्टागर म्हणतात, तिच्या चालीरीतींशीं व दंतकथांशीं ज्यांचा निकट संबंध येतो असे तीन ग्रंथ आम्हीं नुकतेच एकापाठोपाठ वाचून काढले. पहिला, १८८३ सालीं सरकारनें छापलेला कुलाबा व जंजिरा यांचा गॅझेटियर. दुसरा, रेजिनाल्ड एन्थोवेन यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेला कोंकणांतील लोकसमजुतींचा संग्रह. आणि तिसरा, हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास. तिन्ही इंग्रजींत आहेत व तिन्ही जुने आहेत. तेव्हां त्यांचें परीक्षण आतां कशासाठीं, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, १९८१ पासून रायगड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याविषयीं आज जें लिहिलें जातें, त्यांत या ग्रंथांचे गुण थोडे आणि दोष पुष्कळ उतरलेले दिसतात.

गॅझेटियरची माहिती विपुल व व्यवस्थित आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. परंतु तो ग्रंथ राज्यकारभारासाठीं झाला. सारा, मिठागरें, भाताचीं खाचरें, बंदरें आणि जाती यांची मोजदाद करणाऱ्या दृष्टीला आगरी मनुष्य प्रथम दिसतो तो बांधावर किंवा मिठागरांत. लग्नघरीं धवले गाऊन विधी चालविणाऱ्या धवलारणीचा आवाज त्या दृष्टीपर्यंत पोंचणें कठीण. याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीं. गॅझेटियर निघाल्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनीं, १९३३ सालीं, चरी व आसपासच्या गांवांतल्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांच्या जमिनी कसण्याचें थांबविलें, आणि १९३९ पर्यंत तो संप चालविला. अर्धपोटीं राहून सहा वर्षें टिकून राहण्याचें बळ ज्या समाजाच्या अंगीं होतें, त्याचें अंतरंग साऱ्याच्या आंकड्यांवरून कोणाला कळलें असतें?

एन्थोवेन यांच्या संग्रहाची कथा निराळी आहे. त्यांतील बरीचशी सामग्री आर्थर जॅक्सन यांनीं जमविली होती. हे तेच जॅक्सन, ज्यांचा वध १९०९ मध्यें नाशिक येथें अनंत कान्हेरे यांनीं केला. ही सामग्री पुरविली ती मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनीं. निसर्गशक्ती, वीरदेवता, रोगदेवता, पितर, भुतेंखेतें, दृष्ट, चेटूक अशा सदरांखालीं त्यांचीं उत्तरें विभागून घातलेलीं आहेत. इतकी माहिती त्या काळीं एकत्र झाली नसती, तर तिचा मोठा भाग आज कोणालाच ठाऊक नसता. हें ऋण लहान नव्हे.

पण या रचनेनें दोन अन्याय झाले आहेत. एका मास्तरांनीं आपल्या गांवाविषयीं जें लिहून पाठविलें त्याचे तुकडे दहा सदरांत विखुरले, आणि त्यामुळें गांवच नाहींसें झालें. एखाद्या वाडीतला वेताळ, तेथील विहीर, पालखीचा मान आणि त्या मानावरून होणारे तंटे हें सारें मिळून एक जीवन असतें. वेताळ एका सदरांत व विहीर दुसऱ्यांत गेली, म्हणजे उरतो तो केवळ भोळ्या समजुतींचा ढीग. ज्यानें भुतांविषयीं विचारलें त्याला भुतें सांपडावयाचींच. दुसरा अन्याय त्या मास्तरांवर. तळटीपेंत ‘शाळामास्तर’, गांव आणि जिल्हा, एवढीच त्यांची ओळख उरली. ज्यांच्या लेखणीनें ग्रंथ भरला ते अनामिक, आणि ज्यांनीं सदरें पाडलीं ते ग्रंथकार, ही वांटणी आम्हांला न्याय्य वाटत नाहीं.

केहिमकरांचा ग्रंथ या दोहोंहून जिव्हाळ्याचा आहे. तो १८९७ सालीं लिहून झाला व १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही त्या समाजाची परंपरागत कथा. घरचा मनुष्य घरची गोष्ट सांगतो तेव्हां त्याच्या शब्दांना जी ऊब येते ती येथें पानोपानीं आहे. परंतु आपली प्राचीनता सिद्ध करण्याची उत्कंठा लेखकाला कथेच्या पुढें ओढीत नेते. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासांत या समाजांत मध्यपूर्वेकडील व भारतीय अशा दोन्ही वंशांच्या खुणा आढळल्या. म्हणजे कथेंत तथ्य आहे, पण गलबत कोणत्या शतकांत फुटलें हें त्यावरून ठरत नाहीं. आम्हांला त्या कथेपेक्षां ‘शनवार तेली’ हें नांव अधिक मोलाचें वाटतें. तें शेजाऱ्यांनीं दिलेलें आहे. हे लोक तेल गाळतात, पण शनिवारीं घाणा बंद ठेवितात, एवढें गांवानें पाहिलें आणि नांवांत सांठविलें. त्या नांवाला कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें; म्हणूनच तें विश्वसनीय. खंडाळ्याच्या खडकावरील खुणा एलियाहू पैगंबराच्या रथाच्या आहेत ही श्रद्धा, आणि पोहे व नारळ घातलेला मलिदा, यांतही कोंकण व यरुशलेम एकाच ताटांत आले आहेत.

लोकरीत आणि इतिहास वेगळे करतां येत नाहींत, याचा सर्वांत जुना साक्षीदार आक्षीचा शिलालेख होय. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा पुष्कळांनीं मानला आहे. कांहीं पंडित तो पुढचा धरतात. प्रचलित वाचनाप्रमाणें त्यांत केशिदेवाचें नांव आहे, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठीं नऊ कुवली धान्य दिल्याची नोंद आहे. कोंकणांतल्या घरांत बोडण अजून भरतात. राजा इतिहासकाराकडे आणि बोडण लोककथेच्या संग्राहकाकडे द्यावयाचें, तर दगडाचे दोन तुकडे करावे लागतील.

मुंबईहून मांडव्याला २०२० पासून मोटारींसह बोट येऊं लागली. वाड्या विकल्या जात आहेत, तेथें बंगले उठत आहेत. त्याबद्दल आम्हीं शोक करीत नाहीं. ज्यांच्या वाड्या त्यांना त्या विकण्याचा अधिकार आहे. पण वाडीबरोबर तिची गोष्टही जाते, आणि तिची किंमत कोणी मागत नाहीं. आमच्या महाविद्यालयांत याच गांवांतलीं मुलें व मुली शिकतात. त्यांनीं आपल्या आजीचे धवले, आजोबांनीं ऐकविलेली संपाची हकीकत, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत अद्याप बोलली जाणारी पोर्तुगीजमिश्र बोली, हें सर्व आधीं मराठींत उतरून काढावें. सदरें मागाहून पाडतां येतील. सांगणाऱ्याची संमति असल्यास त्याचें नांव मात्र पहिल्या ओळींत घालावें, तळटीपेंत नव्हे.