चोवीस बिटांचं सुख

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. पुढच्या वर्षी डीव्हीडी-ऑडिओ आली. दुसरी जवळपास विस्मृतीत गेली. पहिली मात्र मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझच्या शौकिनांनी टिकवून धरली. साध्या सीडीपेक्षा ती महाग असते आणि तिचा वरचा दर्जा ऐकायचा तर प्लेअरही वेगळा लागतो. हा खर्च करावा का? माझं उत्तर ‘बहुतेकदा नाही’ असं आहे. पण त्यातल्या ‘बहुतेकदा’ला अर्थ आहे.

आधी जाहिरातीतलं चित्र पाहू. सीडीचा ध्वनी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची खडबडीत रेघ, आणि उच्च दर्जाचा ध्वनी म्हणजे गुळगुळीत वळण. इंजिनिअरिंगला सिग्नल्सचा विषय शिकलेल्या कुणालाही हे चित्र खटकावं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्याच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हर्ट्झहून कमी कंपनसंख्येची लहर त्या नमुन्यांतून पुन्हा उभी करता येते. स्पीकरपर्यंत पायऱ्या पोचतच नाहीत. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येते.

बिटांचंही तसंच. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या, २४ बिटांत सुमारे १ कोटी ६८ लाख. आकडा डोळे दिपवतो, पण जास्तीच्या बिटांमुळे पार्श्वभूमीची खरखर आणखी खाली जाते, एवढंच. १६ बिटांतही सर्वांत मोठ्या आवाजापासून त्या खरखरीपर्यंत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर असतं. पंखा चालू असलेल्या खोलीत तेही पुरतं वापरलं जात नाही. स्टुडिओत मात्र २४ बिट हवेतच; तिथे पातळ्या बदलायच्या असतात, अनेक ट्रॅक मिसळायचे असतात. हिशेब करताना दशांशानंतर आठ आकडे ठेवावेत, बिल मात्र रुपये-पैशांतच द्यावं.

हे कागदावरचं झालं. कानांचं काय? मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. या महागड्या चकत्यांचा ध्वनी कधी थेट ऐकवायचा, कधी मधेच सीडीच्या दर्जाला उतरवून, आणि फरक ओळखायला सांगायचं. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते अधिक होतं. म्हणजे फरक असलाच तर तो इतका पुसट, की त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी असं मला वाटत नाही.

गंमत पुढे आहे. मेयर-मोरान यांनीच नोंदवलं की यातल्या कित्येक चकत्या खरोखर उत्तम वाजतात. कारण मास्टरिंग. ज्या काळात सीडी अधिकाधिक कर्कश केल्या जात होत्या, त्याच काळात शौकिनांसाठीच्या या चकत्यांवर जास्त निगुतीनं काम होत होतं. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आठवा. अल्बममध्ये आवाज चेपून सपाट झाला होता. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी मोकळी वाजत होती. गेमला काही जादा बिटांची चकती लागली नव्हती. लागली होती ती फक्त संयमाची मात्रा.

माझी खरी तक्रार इथे आहे. चांगलं मास्टरिंग साध्या सीडीवरही सहज मावलं असतं. ते राखून ठेवायचं आणि जास्त दरानं विकायचं, वर श्रेय चकतीला द्यायचं, यात श्रोत्याची फसगत आहे. त्याला फरक ऐकू येतो तो खराच असतो, पण कारण खोटं सांगितलं जातं. मग तो पुढचे पैसेही चुकीच्या जागी घालतो.

आता ‘बहुतेकदा’विषयी. आरसीएच्या ‘लिव्हिंग स्टिरिओ’ मालिकेतली १९५० च्या दशकातली काही मुद्रणं मुळात तीन ट्रॅकवर झाली होती. स्टिरिओ एलपीसाठी ती दोनांत बसवावी लागली. सुपर ऑडिओ सीडीवर मधला ट्रॅक पुन्हा वेगळा मिळाला. साध्या सीडीवर हे शक्यच नव्हतं. घरात तीन किंवा पाच स्पीकर नीट लावलेले असतील, तर अशा चकतीला पैसे जरूर द्यावेत. एखादं उत्तम मास्टरिंग फक्त तिथेच मिळत असेल, तरीही.

आपल्या जुन्या गायकांच्या बाबतीत मात्र हा मोह अगदीच टाळावा. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाईंच्या ७८ आरपीएम तबकड्यांत जे आहे, त्यापेक्षा सीडीचं भांडं आधीच मोठं आहे. तिथे प्रश्न वेगळे: तबकडीची प्रत किती कमी झिजलेली होती? सुई योग्य जाडीची होती का? आणि वेग बरोबर होता का? कारण वेग थोडा चुकला, तरी गायकाची पट्टी बदलते आणि आवाजाचा पोतही. चकतीच्या वेष्टणावर बिटांचा आकडा ठळक छापलेला असतो. मी आधी हे बारीक अक्षरांत कुठे लिहिलंय का ते शोधतो, आणि नसेल तर चकती परत ठेवतो.