दुसऱ्या तबकडीची घाई

२०२२ सालची गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या दहावीच्या मुली एक इंग्रजी गाणे गुणगुणत होत्या. गाणे नवे दिसते, असे मी म्हणताच त्या हसल्या. "बाई, हे तर तुमच्या वयाचे!" खरेच होते ते. केट बुश या इंग्रज गायिकेचे 'रनिंग अप दॅट हिल' हे गीत १९८५ मधले. एका अमेरिकन मालिकेत ते वाजले आणि ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मुलींना तिचे एवढे एकच गाणे ठाऊक होते. मी कुतूहलाने तिच्या पहिल्या पाच तबकड्या क्रमाने ऐकल्या आणि त्यांत मला माझ्याच धंद्याची गोष्ट सापडली.

शब्द तिचे, चाल तिची, गळाही तिचाच. आपल्या भावगीतात बहुधा कवी एक, संगीतकार दुसरा आणि गाणारी तिसरी. तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या हाती पाहायच्या, तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते.

१९७८ च्या फेब्रुवारीत 'द किक इनसाइड' निघाली तेव्हा केट १९ वर्षांची होती. कंपनीला आधी दुसरेच गीत पुढे आणायचे होते. या मुलीने हट्ट धरला तो 'वुदरिंग हाइट्स'चा. एमिली ब्रॉन्टेच्या कादंबरीतील कॅथीचे भूत रात्री खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करते, तो हा प्रसंग. गीत चार आठवडे अग्रस्थानी राहिले. स्वतः रचलेल्या गीताने ब्रिटनमध्ये तेथवर पोचलेली ती पहिली गायिका. परकायाप्रवेश हा तिचा खरा गुण येथेच दिसतो. तथापि ही काया उसनी, कादंबरीतून घेतलेली आहे. आणि आवाज इतका उंच चढवलेला, की मुखवटा आधी दिसतो, माणूस मागाहून.

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'लायनहार्ट' आली. दहा गीतांपैकी नवी अवघी तीन. बाकीची जुन्या पेटीतली. या घाईबद्दल तिने स्वतःही पुढे असमाधान व्यक्त केले. मला हे दुखणे ठाऊक आहे. माझी पहिली कादंबरी वाचकांना आवडली, तेव्हा वर्षाच्या आत दुसरीची मागणी आली. मी जुन्या वह्या चाळून ती जुळवून दिली. ते पुस्तक आजही माझ्या कपाटात मागच्या रांगेत असते.

केटने मात्र यातून धडा घेतला आणि हळूहळू निर्मितीची सूत्रे आपल्याकडे घेतली. १९८० च्या 'नेव्हर फॉर एव्हर'ची ती सहनिर्माती होती. येथे काया तिच्या स्वतःच्या कल्पनेतल्या आहेत. 'आर्मी ड्रीमर्स'मध्ये सैन्यात गेलेला मुलगा गमावलेली आई आहे. 'ब्रीदिंग'मध्ये अणुबाँबने विषारी झालेल्या हवेला भिणारे गर्भातले मूल. ती आई आक्रोश करीत नाही. झुलत्या लयीत, जवळजवळ अंगाईसारखे गाते. म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात तुटते.

१९८२ ची 'द ड्रीमिंग' तिने सर्वस्वी स्वतः घडवली. एकाच ताटात बासुंदी, पुरणपोळी आणि जिलबी वाढावी, तसे आवाजांवर आवाज. विक्री मंदावली. पण हात येथेच बसला, असे माझे मत आहे.

त्यानंतर तिने आपल्या घरच्या शेतावरील धान्याच्या कोठारात स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह उभारले. आता घड्याळही तिचेच होते. १९८५ ची 'हाउंड्स ऑफ लव्ह' येथली. तिच्या दुसऱ्या बाजूच्या सात गीतांत एक स्त्री रात्रभर समुद्रात एकटी तरंगते आहे. त्यांतल्या एका गीतात ती मनाने घरी जाते. वाट पाहणारे माणूस समोर असते, पण त्याला ती दिसत नाही. मला कॅथी आठवली. तेव्हा भूत खिडकीबाहेर होते आणि टाहो फोडीत होते. आता ते घरात आले आहे, आणि आवाज चढवण्याची त्याला गरज उरलेली नाही. सात वर्षांत ती काय शिकली, ते या दोन गीतांतल्या अंतरात आहे. शेवटच्या गीतात पहाट होते, आणि तिला आई, वडील, भाऊ आठवतात.

माझ्या वर्गात एखादीचा निबंध सुरेख जमला, की "पुढच्या आठवड्यात दुसरा आण" असे मी म्हणत असे. हल्ली म्हणत नाही. "झाला की दाखव," एवढेच सांगते.