वस्ती, तिकीट आणि अभिरुची

मुंबईच्या चित्रपटगृहांचा नकाशा समोर ठेवून प्रेक्षकांच्या अभिरुचीचा निवाडा देण्याची आपली जुनी सवय आहे. कुलाब्याचे रीगल (१९३३) आणि धोबीतलावाचे मेट्रो (१९३८) इंग्रजी बोलपटांचे. गिरगावातील सेंट्रल पांढरपेशांचे. लालबागचे भारतमाता गिरणीकामगारांचे. या वर्णनात तथ्य होतेच. परंतु माणसाची रुची त्याच्या वस्तीवरून ठरते, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटतपासणीत टिकत नाही.

दादा कोंडके यांचेच उदाहरण घ्या. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील त्यांच्या चावट कोट्यांना नाट्यगृहात सुशिक्षितांनीही मनसोक्त दाद दिली. पुढे १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. लेखक सबनीसच, नट तोच, विनोदाची जातही फारशी निराळी नव्हे. तरी अनेक सभ्य घरांत तो ग्राम्य ठरला. बदलले काय होते? नाटकाला शेजारच्या खुर्चीत आपल्यासारखाच कोणी बसे. इथे पुढच्या स्वस्त रांगांतून शिट्ट्या येत होत्या. आक्षेप विनोदापेक्षा शेजाऱ्यावर अधिक होता, असे माझे मत आहे. (कोंडक्यांच्या नंतरच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही.)

याउलट दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६). सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि खेड्यापाड्यांतही तितक्याच श्रद्धेने पाहिला गेला. याचे सारे श्रेय विषयाला देणे मला पटत नाही. भक्तिपट पुष्कळ आले नि विस्मरणात गेले. गौरीबाईंची जिजाई पाहावी. तिला पोरांच्या भाकरीची विवंचना आहे. आजारी मुलाला घेऊन ती देवळात शिरते आणि साक्षात विठोबाला फैलावर घेते. त्या रांगड्या बोलीत चाळीतल्या बाईला आपले घर दिसले आणि पदवीधरालाही ते नाकारता आले नाही. उलट तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो! प्रतिष्ठेचा डौल त्याच्यापाशी भरपूर आहे. रुची मात्र उसनी.

जुन्या थिएटरात स्टॉल आणि बाल्कनी यांच्यामध्ये जिना होता, पण पडदा एकच होता. मल्टिप्लेक्सने जिना काढला आणि स्टॉलच्या प्रेक्षकाला तिकिटाच्या दरानेच दाराबाहेर ठेवले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) मी मॉलमध्ये पाहिला. माझ्या कारकुनाने तालुक्याच्या जुन्या थिएटरात. सोमवारी कचेरीत त्याच्या शेवटच्या प्रसंगाचा विषय निघाला, तेव्हा दोघांनाही फारसे बोलवेना.