वार्ताहराचें शिक्षण

वृत्तपत्रविद्या हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊं शकतो किंवा नाहीं, हा वाद आतां जुना झाला. अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र शाळा काढली. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' सुरू केलें तेव्हां अशी शाळा कोठेंच नव्हती. पुढेंही शंभराहून अधिक वर्षें मराठी संपादक छापखान्यांतच शिकून तयार झाले. आज पदवी घेतलेला तरुण वृत्तपत्रांत शिरतो, हें इष्टच आहे. प्रश्न एवढाच, कीं ह्या शिक्षणांत वृत्त लिहिण्यास जें स्थान आहे, तें वृत्त मिळविण्यास आहे काय?

आमच्या मतें नाहीं. वर्गांत सामान्यतः सहा ककार शिकविले जातात. महत्त्वाचें आधीं व गौण मागाहून, ही 'उलट्या पिरॅमिडा'ची रीत सांगितली जाते. हे नियम खोटे नव्हेत. परंतु ते लेखणीचे नियम आहेत, कानाचे नव्हेत. 'कोण' आणि 'केव्हां' यांचीं उत्तरें तलाठ्याच्या दप्तरांतही सांपडतात. 'कां' ह्याचें उत्तर माणसाच्या तोंडूनच यावें लागतें, आणि परक्यास तो तें पहिल्या भेटींत क्वचितच देतो.

जालना जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झालेल्या ह्या जिल्ह्यांत बियाणें आणि पोलाद हे दोन मोठे धंदे आहेत. बीजोत्पादनाच्या शेतांत फुलाफुलावर हातानें पराग ठेवणारी मजूर स्त्री खेड्यांतली मराठी बोलते. भट्टीपुढें उभा असलेला कामगार पुष्कळदां बिहार-उत्तर प्रदेशाकडील हिंदी बोलतो. आणि १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असलेल्या ह्या भागांत दख्खनी वळणाची उर्दूही अद्याप कानीं पडते. अंबड-भोकरदनकडील विद्यार्थी ह्या बोली ऐकतच वाढलेला असतो. दुर्दैव असें, कीं हीच शिदोरी टाकून देण्यास तो कॉलेजांत शिकतो. शेतकरी म्हणतो, 'इहीर आटली'. विद्यार्थी लिहितो, 'भूजलपातळींत लक्षणीय घट झाल्याचें सांगण्यांत आलें.' येथें भाषा शुद्ध झाली खरी. पण विहीर कोणाची, ती केव्हां आटली, शेजारच्याची कां आटली नाहीं, हे पुढचे प्रश्न त्या एका वाक्यांत बुडून गेले.

मग प्रश्न विचारण्याची विद्या शिकावी तरी कोठें? सर्वांत मोठा धडा वृत्तपत्राबाहेरचा आहे. १९१७ सालीं चंपारण्यांत गांधीजी व त्यांचे वकील सहकारी यांनीं निळीच्या मळ्यांतील हजारों रयतांच्या जबान्या घेतल्या. प्रत्येकाची उलटतपासणी होई व तींत न टिकणारी जबानी टाकून देण्यांत येई. गुप्त पोलिसांचा अंमलदार तेथें बसे. त्यास दूर न करतां त्याच्यासमक्ष काम चाले. परिणामीं रयतेची भीति गेली आणि अतिशयोक्तीसही आळा बसला. दुःखितांविषयीं सहानुभूति आणि त्यांच्या शब्दाची परीक्षा ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहींत, हें ह्याहून स्पष्ट कोणतें पाठ्यपुस्तक सांगणार?

मराठी वाङ्मयांत ह्या संदर्भांत अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचें नांव घेणें अपरिहार्य आहे. शिक्षणानें ते डॉक्टर. बिहारमधील प्रवासांतून झालेलें 'पूर्णिया' (१९६९) व पुढील 'माणसं' (१९८०) हीं पुस्तकें वाचतां एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते. लेखक विद्वत्तेचा आव आणीत नाहीं. साधे, किंबहुना बाळबोध वाटणारे प्रश्न विचारतो: दिवसाला किती मिळतात? त्यांत भागतें कसें? अशा प्रश्नांपुढें माणूस मोकळा होतो, आणि वाचकास धंद्याची सारी रचना कळूं लागते. परंतु ही रीत वर्गांत जशीच्या तशी उतरेल असें मात्र नाहीं. अवचटांस सकाळचा अंक काढावयाचा नव्हता. दैनिकाच्या वार्ताहरास संध्याकाळच्या आंत मजकूर द्यावा लागतो. म्हणूनच जो सवड असतांना, म्हणजे विद्यार्थिदशेंत, ऐकण्यास शिकला नाहीं, तो पुढें घाईंत काय शिकणार?

ह्यासाठीं आमची सूचना साधी आहे. परीक्षकानें विद्यार्थ्याचा लेख तपासावा, तशी त्याची टिपणवहीही तपासावी. बोलणाराचे शब्द त्याच्याच बोलींत उतरले आहेत काय. विद्यार्थी एकाच घरीं दुसऱ्यांदा गेला काय. पुढाऱ्याचें म्हणणें घेतल्यावर ज्याच्या शेतांत पाणी पोंचलें नाहीं त्याच्याकडे गेला काय. लिहिलेलें विधान बोलणारास वाचून दाखविलें काय, ह्यांस गुण द्यावेत. जालन्यासारख्या ठिकाणीं अशा वह्या दरवर्षीं जमत गेल्या, तर जिल्ह्याचा एक विश्वसनीय इतिहासच सिद्ध होईल.

ही काटेकोरी पांडित्यासाठीं नव्हे. वार्ताहरानें चुकीचें लिहिलें, तर दुसऱ्या दिवशीं चार ओळींचा खुलासा छापून तो मोकळा होतो. परंतु मालकाविरुद्ध बोललेला मजूर किंवा कर्त्या पुरुषाच्या आत्महत्येनंतर बोलती झालेली विधवा यांस त्या मजकुरासह त्याच गांवांत राहावयाचें असतें. बोलण्याची किंमत बोलणारा देतो. ती त्यास किती द्यावी लागेल, ह्याचा विचार करून प्रश्न विचारावयास जी विद्या शिकवील, तीच विद्यापीठाच्या नांवास शोभेल.