ऱ्हिअॅनन : नावातली राणी

'ऱ्हिअॅनन' या वेल्श मुलीच्या नावाचं मूळ अभ्यासक प्राचीन ब्रिटनच्या केल्टिक भाषेतल्या 'रिगांटोना' या रूपात शोधतात. अर्थ 'महाराणी', बहुधा एखादी देवता. ज्या कथेमुळे हे नाव टिकलं, त्या 'मॅबिनोगी' या मध्ययुगीन वेल्श कथामालेच्या पहिल्या शाखेत मात्र हा अर्थ कुणीच सांगत नाही. तो ऱ्हिअॅननच्या वागण्यातून उमगतो.

ही कथा १४व्या शतकातल्या हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आली. रचना त्याहून जुनी. आर्बर्थच्या टेकाडावरून डवेदच्या राजाला, प्विह्लला, सोनेरी रेशमी वस्त्रातली एक स्त्री घोड्यावरून संथपणे जाताना दिसते. हीच ऱ्हिअॅनन. तिची चाल तीच राहते, तरी मागे घोडी पिटाळावीत तितकी ती दूर जाते. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः पाठलाग करून थकतो आणि थांबण्याची विनंती करतो. ती लगेच थांबते. वर सुनावते, हे आधीच विचारलं असतंस तर घोड्याचे हाल वाचले असते! विनोद, मान आणि अधिकार, सारं त्या एका बोलण्यात आलं.

पुढे दोघांचं लग्न होतं आणि तिचं तान्हं बाळ रात्रीतून नाहीसं होतं. राखणीला असून झोपी गेलेल्या बायका कुत्रीच्या पिल्लांचं रक्त तिच्या तोंडाला फासतात आणि तिनेच मूल मारल्याचा आळ घेतात. शिक्षा अशी : सात वर्षं महाद्वाराबाहेर बसायचं, येणाऱ्या परक्याला आपली हकीकत सांगायची, त्याला पाठीवरून दरबारात नेण्याची तयारी दाखवायची. जिला घोडी गाठू शकली नाहीत, तिच्याच पाठीवर हे ओझं! निवेदक हळहळत नाही. तिच्या पाठीवर बसायला क्वचितच कुणी राजी होई, एवढंच नोंदवतो. त्या कोरड्या वाक्यात तिचं राणीपण शाबूत राहतं.

मुलगा परत मिळतो, तेव्हा आपली काळजी सरल्याचा उद्गार तिच्या तोंडून निघतो. काळजीला वेल्शमध्ये 'प्रदेर' म्हणतात. त्यावरून मुलाचं नाव पडतं प्रदेरी.

मुलींना 'ऱ्हिअॅनन' नाव ठेवण्याचा प्रघात मुख्यतः २०व्या शतकातला. फ्लीटवुड मॅक या बँडच्या १९७५च्या अल्बममधल्या स्टीव्ही निक्सच्या गाण्याने ते वेल्सबाहेर दूरवर नेलं. निक्सला ते मेरी लीडरच्या 'ट्रायड' कादंबरीत सापडलं होतं. मूळ कथा तिला तेव्हा ठाऊक नव्हती. गाणं ऐकून हे नाव आवडलेल्यांनी मॅबिनोगीची पहिली शाखा अवश्य वाचावी. 'महाराणी' म्हणजे काय, हे कोशापेक्षा तिथे अधिक कळतं.