बायबलमधील ज्ञान आणि विश्वास : एका विसंगतीचा पुनर्विचार

बायबलमध्ये ज्ञानाविषयी परस्परविरोधी वाटणारी विधाने आहेत, हे अभ्यासकांना अपरिचित नाही. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात ज्ञान सोन्यारुप्याहून मोलाचे ठरते. होशेय संदेष्टा (4:6) प्रजेच्या नाशाचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधतो. याउलट ‘उपदेशक’ (1:18) ज्ञानाबरोबर दुःखही वाढत असल्याचे सांगतो, तर ‘उत्पत्ती’च्या कथेत मनुष्याचे पतनच ज्ञानवृक्षाच्या फळाने होते. या सामग्रीच्या आधारे दोन पक्ष उभे राहिले आहेत. एकाच्या मते बायबलमधील विश्वास हा बुद्धीचा शत्रू आहे. दुसऱ्याच्या मते तेथे कोणताही विरोध नाही, केवळ वाचकाचा गैरसमज आहे. पहिला पक्ष निवडक वचने पुढे करतो, दुसराही तेच करतो. तथापि, दोघांचे गृहीतक एकच आहे : ‘ज्ञान’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा आहे आणि बायबल हे एका मुखाने बोलणारे पुस्तक आहे. हे गृहीतक तपासल्याशिवाय विसंगती खरी की भासमान, हा प्रश्न सुटणारा नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. हिब्रूतील ‘याद’ या क्रियापदात माहिती असण्यापेक्षा जवळीक अधिक आहे. ‘उत्पत्ती’ 4:1 मध्ये ते पतिपत्नीच्या संबंधासाठी वापरले आहे. होशेयला अभिप्रेत असलेले ज्ञान याच जातीचे, म्हणजे निष्ठेच्या नात्यातील ओळखीचे आहे. ‘होखमा’ हा शब्द मात्र कारागिराच्या हातातील कसबापर्यंत पोहोचतो. निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलाला ‘निर्गम’ 31 मध्ये मिळते ते हेच. ग्रीक नव्या करारात ‘सोफिया’ आणि ‘ग्नोसिस’ असे दोन शब्द येतात. मराठी भाषांतरांत या सर्वांसाठी पुष्कळदा ‘ज्ञान’ हा एकच शब्द योजला जातो. दोन्ही ग्रीक शब्द शेजारी आले (1 करिंथ 12:8) की अनुवादकाला दुसरा पर्याय शोधावा लागतो. शिवाय मराठीतील ‘ज्ञान’ या शब्दामागे ज्ञानमार्ग आणि भक्तिमार्ग यांच्या चर्चेची शतकांची परंपरा उभी आहे. त्यामुळे मराठी वाचक नकळत तीच द्वंद्वरेषा बायबलवर ओढतो. ‘विश्वास’ या शब्दाचेही असेच आहे. हिब्रू ‘एमुना’ म्हणजे मुख्यतः स्थिरता. युद्धाच्या वेळी मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, हे सांगताना ‘निर्गम’ 17:12 मध्ये हाच शब्द येतो. पुराव्याविना एखादे विधान मान्य करणे हा त्याचा मूळ अर्थ नव्हे.

या दृष्टीने पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र (इ.स. 54 च्या सुमारास) विशेष महत्त्वाचे आहे, कारण बुद्धिविरोधाचा आरोप मुख्यतः त्याच्यावरच केला जातो. करिंथ ही इ.स.पू. 44 मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलेली व्यापारी नगरी होती. तेथील देवळांत बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विक्रीस येई. ते ख्रिस्ती व्यक्तीने खावे काय, हा आठव्या अध्यायातील प्रश्न आहे. मूर्तीला वास्तविक अस्तित्व नाही, म्हणून ते मांस निषिद्ध नाही, असा तेथील सुशिक्षितांचा युक्तिवाद होता. पौलाला हा युक्तिवाद मान्य आहे. पुढे दहाव्या अध्यायात तर बाजारातील मांस चौकशी न करता खावे, असेही तो सांगतो. त्याचा आक्षेप वेगळा आहे. हे ज्ञान असलेला मनुष्य देवळात जेवायला बसतो, त्याला पाहून कालपर्यंत मूर्तिपूजा करणारा दुर्बळ बंधू आपल्या मनाविरुद्ध तेच करतो आणि उद्ध्वस्त होतो. म्हणजे येथे टीकेचे लक्ष्य असलेले ज्ञान खोटे नाही. ते खरे आहे आणि तरीही घातक ठरले आहे. पौल ज्ञानाच्या सत्यतेविषयी बोलत नसून ज्ञानवंताच्या वर्तनाविषयी बोलत आहे. पहिल्या अध्यायातील ‘जगाच्या ज्ञाना’वरील टीकाही पौल, अपुल्लोस आणि केफा यांच्या नावाने पडलेल्या गटांच्या संदर्भातच वाचावयास हवी. हाच पौल रोमकरांस लिहिताना (1:20) सृष्टीवरून ईश्वराचे ज्ञान होऊ शकते असे म्हणतो, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ 17 नुसार अथेन्समध्ये ग्रीक कवींचा आधार घेतो.

थोमाच्या प्रसंगाचाही (योहान 20) पुराव्याविरुद्ध दाखला म्हणून उपयोग केला जातो. परंतु त्याच्या लगेच पुढच्या दोन वचनांत शुभवर्तमानकार आपण चिन्हे लिहून ठेवली ती वाचकाने विश्वास ठेवावा म्हणूनच, असे सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात ‘पिस्तिस’ आणि ‘ग्नोसिस’ ही नामे एकदाही येत नाहीत. विश्वास ठेवणे आणि जाणणे ही क्रियापदेच येतात, तीही अनेकदा एकमेकांच्या सोबतीने. उत्तरकालीन वादात मात्र असंभाव्य म्हणूनच विश्वास ठेवतो, असे एक वाक्य तर्तुलियनच्या नावावर खपवले गेले. त्याने ते त्या शब्दांत लिहिलेले नाही, तरी त्याचा उल्लेख आजही बिनदिक्कत होतो.

येथवरच्या विवेचनावरून समन्वयवादी पक्षाचा विजय झाला असे वाटेल. पण तसे नाही. शब्दार्थाची किल्ली सर्व कुलुपांना लागत नाही. एदेन बागेतील वृक्ष केवळ बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचा होता, सर्व ज्ञानाचा नव्हे, असे उत्तर नेहमी दिले जाते. आदामाने प्राण्यांना नावे दिली ती त्यापूर्वीच, हा त्याला आधार. परंतु ‘1 राजे’ 3:9 मध्ये शलमोन बरेवाईट ओळखण्याचीच शक्ती मागतो आणि ईश्वर त्यावर प्रसन्न होतो. एकाने हिसकावून घेतले, दुसऱ्याने मागितले, हा भेद सार्थ आहे. तथापि मनुष्य आपल्यासारखा झाला, ही ‘उत्पत्ती’ 3:22 मधील ईश्वराची चिंता त्याने शमत नाही.

‘उपदेशका’त तर ही ओढाताण एकाच अध्यायात आहे. प्रकाश जसा अंधाराहून श्रेष्ठ, तसे ज्ञान मूर्खपणाहून श्रेष्ठ, असे दुसऱ्या अध्यायात म्हटल्यावर लगेच दोघांचा शेवट सारखाच असल्याची कबुली येते. पुस्तकाच्या अखेरीस ईश्वराचे भय धरण्याचा उपदेश आहे. अनेक अभ्यासकांच्या मते तो नंतरच्या हाताने जोडलेला आहे. तो जोडावासा वाटला, यातच आधीच्या मजकुराची अस्वस्थता दिसून येते. हा मजकूर वगळला मात्र गेला नाही.

‘ईयोब’ याहून पुढे जातो. ईयोबाच्या मित्रांजवळ रूढ धर्मज्ञान भरपूर आहे : दुःख आहे, अर्थी पाप असलेच पाहिजे. ईयोब ते नाकारतो आणि ईश्वरालाच जाब विचारतो. शेवटी (42:7) ईश्वर कोपतो तो मित्रांवर, आणि आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असा निर्वाळा देतो. वादळातून आलेल्या ईश्वरी भाषणात पृथ्वीचा पाया, हिमाची भांडारे, रानशेळ्यांची वीण यांविषयी प्रश्नांची सरबत्ती आहे, परंतु ईयोबाच्या मूळ प्रश्नाला उत्तर नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गीय सभेत सैतानाने दिलेले आव्हान वाचकाला ठाऊक असते. ईयोबाला ते कोणीही सांगत नाही. त्याची गुरेढोरे दुपटीने परत येतात, त्याला पुन्हा सात पुत्र व तीन कन्या होतात, आणि पुढे एकशे चाळीस वर्षे जगूनही आपल्यावर हे का ओढवले, हे त्याला कळत नाही.